जुन्या रॉक सिंगल्सचे रीइश्यू : मूळ प्रत, नवं सात इंची की बारा इंची?

एकाच गाण्याच्या चार रेकॉर्ड समोर आहेत. पहिली १९६०च्या दशकातलं मूळ ७ इंची सिंगल. दुसरी त्याच कंपनीनं दहा-वीस वर्षांनी पुन्हा काढलेली. तिसरी गेल्या काही वर्षांतला नवा ७ इंची रीइश्यू, म्हणजे पुन्हा काढलेली प्रत, आणि चौथी तेच गाणं असलेली ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे) १२ इंची. घ्यायची कोणती? बहुतेक जण आधी वजन बघतात, मग रंग, मग पाकिटावरचा ‘रीमास्टर्ड’चा स्टिकर. आवाजाचा विचार केला तर हा क्रम पार उलटा आहे. मिक्स, म्हणजे गायकी आणि वाद्यांची केलेली जुळवणी, कोणतं हे आधी बघावं. मग ते कुठल्या टेपवरून आणि कुणी कट केलं (खाचांत कोरलं), मग प्रेसिंग, म्हणजे रेकॉर्डची छपाई, कशी झालीय. वजनाचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तो लागलाच नाही तरी काही बिघडत नाही.

आधी मिक्स ओळखा

१९६०च्या दशकाच्या शेवटापर्यंत ब्रिटनमधली पॉप-रॉक सिंगल्स बहुतांशी मोनोच होती. बीटल्सचं ‘गेट बॅक’ १९६९च्या एप्रिलमध्ये तिथं मोनोत निघालं. त्यांचं ब्रिटनमधलं पहिलं स्टिरिओ सिंगल म्हणजे त्याच वर्षी मेअखेरीस आलेलं ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’. आता मोनो मिक्स म्हणजे स्टिरिओचे दोन चॅनेल एकत्र ओतले, असं नव्हे. मोनो मिक्स वेगळं बसून केलेलं असायचं, आणि रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवर तेच वाजणार म्हणून जास्त वेळही त्यालाच मिळायचा. ‘रेव्होल्यूशन’ हे ठळक उदाहरण. १९६८च्या सिंगलवरच्या मोनोत फाटक्या आवाजाची गिटार, गायकी आणि ड्रम एका गठ्ठ्यानं अंगावर येतात. स्टिरिओ मिक्स १९६९च्या डिसेंबरमध्ये एका अल्बमसाठी झालं. त्यात सगळं डावी-उजवीकडे पसरतं आणि तो दणका उरत नाही. रीइश्यूवर हे स्टिरिओ मिक्स असेल, तर कितीही उत्तम कट केलेलं असलं तरी ते सिंगल म्हणून विकत घेण्यात अर्थ नाही. जाता जाता : त्या गिटारीची फाट मुद्दाम आणलेली आहे, गिटार थेट मिक्सिंग डेस्कमध्ये घालून डेस्क ओव्हरलोड केलेला होता. ती ऐकून प्रेसिंगला नावं ठेवू नयेत.

मिक्स बदलतं तशी लांबीही बदलते. द डोअर्सच्या ‘लाइट माय फायर’चं अल्बमवरचं रूप सुमारे सात मिनिटांचं, तर १९६७च्या सिंगलचं तीन मिनिटांच्या आत. लेबलवरचा वेळ वाचा आणि खाचांचा पट्टा किती रुंद आहे तेही बघा. लेबलवर तीन मिनिटं छापली असतील आणि खाचा लेबलला जवळजवळ टेकत असतील, तर काहीतरी गडबड असू शकते.

कधीकधी कंपनीच चुकते. ‘लव्ह मी डू’च्या ५० वर्षांनिमित्त २०१२ मध्ये निघालेलं ७ इंची सिंगल परत मागवावं लागलं, कारण त्यावर चुकीचं रूप छापलं गेलं होतं. १९६२च्या पहिल्या सिंगलवर ड्रम रिंगो स्टारचे आहेत. नंतर रूढ झालेल्या रूपात ड्रमवर अँडी व्हाइट आणि रिंगोच्या हातात टॅम्बोरीन. परीक्षा सोपी आहे : टॅम्बोरीन ऐकू आली की ते पहिलं सिंगल नव्हे.

मोनो खरंच मोनो आहे का, हे कानांपेक्षा संगणकावर लवकर कळतं. रेकॉर्ड स्टिरिओत रेकॉर्ड करून घ्या, दोन्ही चॅनेल वेगळे काढा, त्यांची पातळी जुळवा, एक चॅनेल उलटा करा (ऑडॅसिटीत ‘इन्व्हर्ट’) आणि दोन्ही एकत्र वाजवा. खरं मोनो असेल तर गाणं जवळजवळ नाहीसं होतं, मागे खरखर आणि थोडे ‘स-श’ उरतात. गायकी गेली आणि गिटार-टॅम्बोरीन राहिली, तर ते स्टिरिओ मिक्स. बोदा खर्ज आणि पातळ तीव्र स्वर असे तुकडे राहिले, तर मोनोला फिल्टर लावून बनवलेलं नकली स्टिरिओ. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीनं ‘ड्युओफोनिक’ नावानं हा प्रकार सर्रास केला. नकली स्टिरिओ स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. मोनो बटण दाबूनही ते पूर्ववत होत नाही, कारण दोन चॅनेलमध्ये फिल्टरचा किंवा वेळेचा फरक घातलेला असतो.

टेप, आणि कट करणारा हात

मूळ सिंगल टेपच्या सगळ्यात जवळचं असतं, ही समजूत अर्धीच खरी. टेप तेव्हा ताजी होती, हे बरोबर. पण त्या काळातले कटिंग इंजिनिअर खर्ज दाबून धरत, नाहीतर स्वस्त प्लेअरवर सुई उडी मारेल अशी भीती असे. १९६६च्या ‘पेपरबॅक रायटर’चा बेस आधीच्या सिंगल्सपेक्षा दणदणीत वाटतो. तिथं बेसचं रेकॉर्डिंगच वेगळ्या पद्धतीनं झालं होतं आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओत कटिंगसाठी ट्रान्झियंट, म्हणजे आवाजाचे अचानक उसळणारे झटके, आवरणारं नवं यंत्र वापरलं गेलं. त्याच्या आधीच्या सिंगल्सच्या आजच्या चांगल्या रीइश्यूत मूळ प्रतीपेक्षा जास्त खर्ज ऐकू आला, तर तो वरून घातलेलाच असेल असं नाही. टेपवर तो आधीपासून असू शकतो. उलट दिशेचं उदाहरण अमेरिकेतलं : कॅपिटॉलच्या ‘आय फील फाइन’वर १९६४ मध्ये वरून रिव्हर्ब (घुमारा) चढवलेला आहे. ती प्रतही ‘मूळ’च, पण कुठल्या देशातली मूळ, हे विचारावं लागतं.

काही गाण्यांची मास्टर टेप, म्हणजे अंतिम मिक्सची मूळ टेप, उरलेलीच नाही. ‘लव्ह मी डू’च्या पहिल्या रूपाची टेप नाही, म्हणून पुढचे रीइश्यू जुन्या ७ इंची रेकॉर्डवरून उतरवून केलेले आहेत. असं दुसऱ्या रेकॉर्डवरून उतरवलेलं काम ओळखायच्या दोन खुणा. पहिली : कट्कन आवाज येतो, त्या जागी तुमच्या रेकॉर्डवर काहीच दिसत नाही, आणि दुसऱ्या प्रतीवरही तो त्याच क्षणी येतो. दुसरी : फेड-आउट (गाण्याचा हळूहळू विरत जाणारा शेवट) संपत येताना पार्श्वभूमी पाण्याखाली गेल्यासारखी गुळगुळीत होते. ती नॉइज रिडक्शनची करामत. टेप नसेल तर याला इलाज नाही. टेप असून कंपनीनं आळस केला असेल, तर ती प्रत सोडून द्या.

‘पूर्ण अ‍ॅनालॉग’ या शिक्क्यावर किती विसंबायचं? मोबाइल फिडेलिटी या ऑडिओफाइल कंपनीच्या बऱ्याच रेकॉर्ड डीएसडी या डिजिटल टप्प्यातून गेल्या होत्या, हे २०२२ मध्ये उघड झालं. तोवर त्याच रेकॉर्डची ‘अ‍ॅनालॉग गोडव्या’साठी वाखाणणी होत होती. शिक्का म्हणजे आवाज नव्हे. नुकसान डिजिटल टप्प्यानं होत नाही. ते होतं सीडी किंवा स्ट्रीमिंगसाठी दाबून मोठ्या केलेल्या मास्टरवरून थेट कट केल्यानं. तसं झालं असेल तर स्नेअरचा ठोका गिटारच्या वर उसळत नाही, कोरस आला तरी आवाज मोठा होत नाही, झांजा सतत फुसफुसतात. एक सावधगिरी : व्हाइनिल रेकॉर्ड करून काढलेले डायनॅमिक रेंजचे (हळू आणि मोठ्या आवाजातल्या फरकाचे) आकडे सीडीशी ताडून बघू नका. कटिंग आणि सुई सिग्नलचे फेज बदलतात, त्यामुळे शिखरं वाढतात, आणि तंतोतंत त्याच मास्टरची रेकॉर्डही कागदावर सीडीपेक्षा ‘मोकळी’ दिसते.

कुणी कट केलं, ते खाचा संपल्यावर लेबलपर्यंत उरलेल्या कोऱ्या कड्यावर, म्हणजे डेड वॅक्समध्ये कोरलेलं सापडतं. जॉर्ज पेकहॅम ‘पोर्की प्राइम कट’ अशी सही करायचे. ईएमआय कंपनीच्या ब्रिटिश सिंगल्सवर मॅट्रिक्स क्रमांकाचा, म्हणजे कटची ओळख सांगणाऱ्या क्रमांकाचा, शेवटचा आकडा कितवा कट ते सांगतो. लेबलच्या डावीकडे मदरचा (स्टँपर ज्यावरून बनतो त्या धातूच्या प्रतीचा) क्रमांक असतो आणि उजवीकडे स्टँपरचं (रेकॉर्ड छापणाऱ्या साच्याचं) अक्षर : जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. विक्रेत्याकडे पाकिटाचा फोटो न मागता या कड्याचा फोटो मागा. बीटल्सच्या २३ सिंगल्सच्या २०१९च्या संचात पाकिटांची चित्रं वेगवेगळ्या देशांतल्या जुन्या पाकिटांवरून घेतलेली आहेत. पाकीट एका देशाचं दिसलं म्हणून आतला कटही त्याच देशाचा, असं मुळीच नाही.

सात इंचांत किती मावतं

इथं थोडं गणित उपयोगी पडतं. ७ इंची रेकॉर्डवर खाच साधारण ८४ मि.मी. त्रिज्येपासून सुरू होते आणि फार तर ५४ मि.मी.पर्यंत आत येऊ शकते. ४५ आरपीएमला सुईखालून खाच सुरुवातीला सेकंदाला सुमारे ४० सें.मी. सरकते, अगदी शेवटी २५ सें.मी. एलपीवर, म्हणजे ३३ आरपीएमच्या १२ इंची अल्बमवर, हेच आकडे ५१ आणि २१. ४५च्या १२ इंचीवर सुरुवात ६९ला. म्हणजे ‘४५ आहे म्हणून ७ इंची एलपीपेक्षा सरस’ हे सरसकट खरं नाही. एलपीच्या बाजूवरचं पहिलं गाणं ७ इंचीपेक्षा वेगवान खाचेत असतं, शेवटचं हळू खाचेत. त्यामुळे अल्बमवर बाजूच्या शेवटी आलेल्या गाण्याचं सिंगल घेणं जास्त फायद्याचं. वेग २५ सें.मी. असेल तर १० किलोहर्ट्झची एक लाट अवघ्या २५ मायक्रॉनमध्ये बसते. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉन. तिला ती वळणं नीट घेता येत नाहीत, आणि ‘स’चा ‘श्श’ होतो.

लांबीचा हिशेब त्याहून कडक. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे १३५ फेरे, ३० मि.मी. पट्ट्यात दर फेऱ्याला सुमारे ०.२२ मि.मी. जागा. सात मिनिटं अकरा सेकंदांचं ‘हे ज्यूड’ म्हणजे ३२३ फेरे, आणि जागा उरते जेमतेम ०.०९ मि.मी. वीस मिनिटांच्या एलपीच्या बाजूला ०.१३ मि.मी. मिळते, म्हणजे ‘हे ज्यूड’च्या खाचा त्याहून दाट! इतक्या दाटीत कट करायचं तर आवाजाची पातळी किंवा खर्ज, काहीतरी सोडावं लागतं. पातळी ६ डेसिबलनं उतरवली की खाचेचं हेलकावणं निम्मं होतं, आणि रेकॉर्डची खरखर गाण्याच्या तितकीच जवळ येते. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ही याच कचाट्यात सापडतं. अशी लांबलचक गाणी ४५च्या १२ इंचीवर घेतलेली बरी. तीन मिनिटांच्या गाण्याला मात्र जागेसाठी १२ इंची लागत नाही, आणि तिथं मिक्स बहुतेकदा अल्बमचं असतं, हे विसरू नका.

जुनी प्रत : पॉलिस्टायरीन, झीज आणि मळ

अमेरिकेतली बरीच जुनी सिंगल्स व्हाइनिलची नाहीत, साच्यात ओतलेल्या पॉलिस्टायरीनची आहेत. नवी असताना ती शांत वाजतात, पण झिजतात भराभर. ओळख : लेबल दाबून बसवलेलं नसतं, चिकटवलेलं असतं, नखानं टिचकी मारली तर टणक, कोरडी ‘टक्’ येते, आणि रेकॉर्ड जराही लवत नाही. लववून बघू नका, तडकेल. तिला गोल सुई लावा, पातळ कडांची लाइन-कॉन्टॅक्ट नको. आणि हातानं मागे-पुढे फिरवून गाण्याची सुरुवात शोधायचा प्रकार तर अजिबात करू नका.

विक्रेते दर्जा ठरवतात तो डोळ्यांनी. चकचकीत दिसणारी प्रतही जड, बोथट सुईनं खरवडून निघालेली असू शकते. मळ आणि झीज वेगळी ओळखायला हव्यात. मळ कटकट करतो, कुठेही करतो, आणि धुतल्यावर कमी होतो. झिजेचा आवाज वेगळा : गायकानं सूर चढवला की कडा फाटतात, प्रत्येक वेळी त्याच शब्दावर, शेवटाकडे जास्त, आणि धुऊन तसूभरही फरक पडत नाही. लगेच निकाल देऊ नका; वेगळ्या आकाराच्या सुईनं एकदा वाजवून बघा. ती खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, आणि तिथली भिंत कोरी असेल तर ‘मेलेली’ प्रत चक्क जिवंत होते. मोनो सिंगल असेल तर मोनो बटणही दाबा. खाचेच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर त्यानं बरीचशी कटते.

१९७०-८०च्या दशकांतले रीइश्यू या सगळ्याच्या मधोमध बसतात. ते कमी वाजलेले आणि स्वस्त असतात, कधी जुन्याच लॅकरपासून (कट केलेल्या मूळ तबकडीपासून) बनवलेले असतात. मॅट्रिक्स मूळ प्रतीशी जुळत असेल तर डोळे मिटून विकत घ्या. त्याच काळातल्या पिक्चर डिस्क भिंतीवर टांगायला ठीक आहेत. चित्रावर चढवलेल्या पातळ पापुद्र्यात खाचा असल्यानं त्या हमखास जास्त खरखरतात.

नव्या प्रेसिंगचे दोष

केंद्र चुकलेलं भोक हा सगळ्यात त्रासदायक दोष. ६० मि.मी. त्रिज्येवर भोक अर्धा मि.मी. सरकलेलं असेल, तर वेग ±०.८ टक्के हलतो. पियानोचा किंवा ऑर्गनचा लांबवलेला सूर दर १.३३ सेकंदाला हेलकावतो. वाजताना हेडशेलकडे, म्हणजे सुई बसवलेल्या आर्मच्या टोकाकडे, समोरून बघा. डावी-उजवीकडे मिळून मिलिमीटरभर डुलत असेल, तर हेच दुखणं. मोठ्या भोकाच्या सिंगलला इथं एक पळवाट आहे. ३८ मि.मी.च्या भोकात अडॅप्टर किंचित सैल बसत असेल, तर रेकॉर्ड बोटानं केसभर सरकवून डुलणं कमी करता येतं.

दुसरा दोष नॉन-फिल : साच्यात व्हाइनिल पुरतं भरलं नाही, उष्णता किंवा दाब कमी पडला, की खाचेच्या भिंतीवर खड्डे राहतात. आवाज कापड फाटल्यासारखा ‘झर्रर्र’, बहुतेक वेळा एकाच चॅनेलमध्ये. टॉर्च तिरकी धरली की खाचांत पांढुरके ठिपके किंवा पट्टा दिसतो. धुऊन तो जात नाही. वाकलेली रेकॉर्ड सुई उडवत नसेल आणि सूर हलवत नसेल, तर चालवून घ्या.

रंगीत व्हाइनिलबद्दल भांडणं पुष्कळ होतात. एकरंगी असेल तर फरक क्वचितच ऐकू येतो; अनेक रंगांचे शिंतोडे उडवलेली आणि अंधारात चमकणारी टाळा.

कानानं तुलना

दोन प्रतींतली जी जरा मोठ्यानं वाजते, ती चांगली वाटते. एक डेसिबलचा फरकही पुरतो. त्यामुळे प्लेअरवर एकामागून एक लावून केलेली तुलना जवळपास निरुपयोगी असते. दोन्ही प्रती आधी धुवा; नवीही, तिच्यावर पाकिटाचा कागदी भुसा आणि स्थिर विजेनं ओढलेली धूळ असते. कार्ट्रिज (सुई असलेला भाग) तेच, सुईचा भार उत्पादकानं सांगितलेला आणि दोन्हींना तोच ठेवा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा, शिखर -६ डेसिबलच्या आसपास. पातळी जुळवताना शिखर धरू नका, एक कट्कन आवाज सगळा हिशेब बिघडवतो. दोन्हींतल्या गायकी चालू असलेल्या त्याच वीस-तीस सेकंदांची सरासरी पातळी काढून ०.२ डेसिबलच्या आत आणा. मग दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे पाडा, कारण दोन प्रेसिंगचा वेग क्वचितच तंतोतंत जुळतो. तुकडे नाव न बघता ऐका. फूबार२००० या प्लेअर प्रोग्रॅममधली एबीएक्सची (नाव झाकून तुलनेची) सोय याच कामाची.

ऐकण्याच्या जागा ठरवून ठेवा : गाण्याआधीची रिकामी खाच, ‘स-श’ असलेली पहिली ओळ, गिटारच्या खालचा किक ड्रम, शेवटचे तीस सेकंद, आणि फेड-आउट मूळ प्रतीपेक्षा लवकर संपतं का. या पाचांत शेवटचे तीस सेकंद सगळ्यात जास्त बोलतात.

तर घ्यायचं काय

१९६९च्या आधीचं गाणं, नवा रीइश्यू खऱ्या मोनोत आणि कट करणाऱ्याची सही डेड वॅक्सवर : नवा घ्या, मूळ प्रतीच्या मागे धावू नका. नव्यावर स्टिरिओ किंवा अल्बम मिक्स असेल, तर कमी वाजलेली मूळ प्रत, किंवा जुळत्या मॅट्रिक्सचा जुना रीइश्यू. अमेरिकन मूळ प्रत पॉलिस्टायरीनची असेल आणि विकणारा वाजवून दाखवत नसेल, तर ती सोडा. गाणं पाच मिनिटांच्या पुढचं असेल आणि अल्बम मिक्स चालणार असेल, तर ४५ची १२ इंची.

नवा रीइश्यू आला की परत करायची मुदत संपण्याआधी दोन्ही बाजू शेवटपर्यंत वाजवा. वाकलेली, ओरखडलेली किंवा नॉन-फिलची प्रत बदलून मागितली, तर दुसरी चांगली निघण्याची शक्यता बरीच असते. केंद्राचा दोष बहुधा स्टँपरमध्येच असतो, म्हणून त्याच खेपेतली दुसरी प्रतही तशीच डुलते. तिथं बदली न मागता पैसे परत मागा. कटच बिघडलेला असेल, तर त्या मॅट्रिक्सच्या किती प्रती मागवल्या तरी आवाज तोच येणार.